हाड बाईचं की बाप्याचं?

५ डिसेंबर १९८२ रोजी मध्य प्रदेशातल्या हथनोरा गावाजवळ, नर्मदेकाठच्या दगडगोट्यांच्या घट्ट थरात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना एक कवटी सापडली. कवटी पुरी नव्हती. डोक्याची नुसती वरची वाटी होती, तीही उजवीकडची बरीचशी शाबूत आणि डावीकडची थोडी. जबडा नाही, एक दातसुद्धा नाही. त्याच थरात हत्ती, पाणघोडे, रानबैल यांची दगड झालेली हाडं आणि दगडी हत्यारं मिळाली. आपल्या खामगावहून उत्तरेकडे सातपुडा ओलांडत गेलं की नर्मदेचं खोरं लागतं, म्हणजे हा शोध काही सातासमुद्रापलीकडचा नाही. भारतीय उपखंडातल्या इतक्या जुन्या मानवाची कवटी म्हटलं की आजही याच एका कवटीचं नाव घेतलं जातं.

सोनकियांनी तिला ‘होमो इरेक्टस नर्मदेन्सिस’ असं शास्त्रीय नाव दिलं. लोकांच्या तोंडी मात्र ‘नर्मदा मॅन’ बसलं आणि मराठीत त्याचा ‘नर्मदा मानव’ झाला. मग ‘तो’ कसा दिसत असेल, ‘तो’ शिकार कशी करत असेल, याची वर्णनं सुरू झाली. पुढे अभ्यासकांनी ही कवटी पुन्हापुन्हा तपासली आणि तिच्या ठेवणीवरून ती बहुधा एका तरुण स्त्रीची असावी असं मत पुढे आलं. आता काही अभ्यासक ‘मॅन’ऐवजी ‘नर्मदा ह्यूमन’ असं नाव वापरतात. पण मधल्या काळात नर्मदाकाठचा तो बाप्या आपल्या डोक्यात पक्का बसून गेला.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणी म्हणेल की काही लाख वर्षांपूर्वीची ती वाटी, ती बाईची काय आणि बाप्याची काय! आपल्यापुढे पाण्याचा प्रश्न आहे, हुंड्याचा आहे, दारूचा आहे. हाडांवर कशाला वेळ घालवायचा? माझं म्हणणं असं की त्या हाडांच्या नावानं आपल्याला रोज काहीतरी ऐकवलं जातं. कुटुंब सल्ल्याच्या बैठकीत नवऱ्याकडची माणसं शेवटी कुठे येऊन थांबतात ते पाहा. “ताई, हे काय आजचं आहे का? माणूस गुहेत राहत होता तेव्हापासून बाप्यानं शिकारीला जायचं न् बाईनं चुलीपाशी बसायचं. निसर्गानंच तसं केलं आहे.” या वाक्यापुढे शिकलेली माणसंही माना डोलावतात. धर्माचा दाखला दिला तर त्याच्याशी वाद घालता येतो, कायद्याचा दिला तर कायदा बदलून मागता येतो. निसर्गाचा दाखला दिला की बाईनं गप्पच बसायचं! म्हणून हा दाखला खरा की खोटा, तो कुणी, कशावरून तयार केला, हे आपण एकदा नीट समजून घेतलं पाहिजे.

हाडं कशी वाचतात ते आधी पाहू. सापडलेलं हाड माणसाच्या वंशातलं की वानराचं, हा पहिला प्रश्न. कवटीच्या तळाला एक भोक असतं, त्यातून मज्जारज्जू खाली पाठीच्या कण्यात उतरतो. चार पायांवर चालणाऱ्या प्राण्यांत ते मागच्या बाजूला असतं. दोन पायांवर ताठ चालणाऱ्यांत ते तळाशी, बरंच पुढे सरकलेलं असतं, कारण डोकं कण्यावर घागरीसारखं तोलून धरायचं असतं. सुळे दात लहान आहेत का, कंबरेचं हाड वाडग्यासारखं पसरट आहे का, मांडीचं हाड गुडघ्याकडे आत वळलं आहे का, हेही पाहतात. दक्षिण आफ्रिकेत १९२४ साली ताउंगला सापडलेली लहान मुलाची कवटी रेमंड डार्ट यांनी याच भोकावरून ओळखली. त्या खाणीतून असे अवशेष मिळतात हे डार्ट यांच्या नजरेस आणून दिलं होतं त्यांच्या विद्यार्थिनीनं, जोसेफिन सॅमन्सनं. मोठमोठ्या विद्वानांनी कित्येक वर्षं डार्ट यांचं म्हणणं मानलं नाही. माणसाचा मेंदू आधी मोठा झाला आणि मग तो ताठ चालू लागला असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. हाडं सांगत होती की आधी पाय, मग डोकं. विद्वानांनाही आपल्या समजुतीबाहेरचं हाड दिसत नाही, हे इथेच लक्षात ठेवू या.

दुसरा प्रश्न, माणसाच्या वंशातलं असेल तर कोणत्या शाखेतलं. होमो इरेक्टसची कवटी जाड, लांबट, बसकी आणि भुवयांवर पडवीसारखं पुढे आलेलं हाड. आपली कवटी उंच, गोल, कपाळ उभं. नर्मदेच्या कवटीत दोन्हीकडच्या खुणा मिसळलेल्या आहेत. सोनकियांनी तिला इरेक्टस म्हटलं. १९९१ साली अमेरिकन अभ्यासक केनेथ केनेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांत स्वतः सोनकियाही होते, ती पुन्हा मोजली आणि होमो सेपियन्सच्या, म्हणजे आपल्याच, जातीच्या प्राचीन रूपात तिला बसवलं. मेंदूच्या पोकळीचं माप त्यांनी ११५५ ते १४२१ घन सेंटिमीटर असं धरलं. वाटी अर्धवट असल्यामुळे एक आकडा देता येत नाही, म्हणून त्यांनी दोन आकड्यांमधलं अंतर दिलं. पुढे मानववंशशास्त्रीय सर्वेक्षणाचे अनेक राम सांख्यान यांनी त्याच भागात मिळालेल्या गळ्याखालच्या आडव्या हाडांचा अभ्यास मांडला. ती हाडं ठेंगण्या पण दणकट बांध्याच्या माणसाची दिसत होती. ती आणि कवटी एकाच शाखेतल्या माणसांची का, यावरही चर्चा आहे. कवटी किती जुनी यावरही एकमत नाही. खरं शास्त्र असंच चालतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

तिसरा प्रश्न बाई की बाप्या हा, आणि तो सर्वात निसरडा. कंबरेचं हाड मिळालं तर बरंच खात्रीनं सांगता येतं. बाळंतपणासाठी बाईची कंबर रुंद असते, पुढचा कोन मोठा असतो, बाजूची खाच पसरट असते. शंभरात नव्वदहून अधिक वेळा उत्तर बरोबर येतं. नुसत्या कवटीवरून खात्री कमी होते. भुवयांचं हाड जाड असेल, कानामागचा उंचवटा मोठा असेल, मानेचे स्नायू चिकटतात तिथे खरबरीत कंगोरा असेल तर बाप्या. सगळं गुळगुळीत, बेताचं असेल तर बाई. वयात न आलेल्या मुलामुलींच्या बाबतीत तर या खुणांचा उपयोग जवळजवळ नाहीच.

आता यातली मेख पाहा. ‘दणकट ते पुरुषाचं’ ही फूटपट्टी आजच्या माणसांवरून बनवलेली. लाखो वर्षांपूर्वीच्या बायांची हाडंसुद्धा आजच्या बाप्यांपेक्षा जाड असू शकतात. मग त्या फूटपट्टीनं मोजलं तर त्या काळात बायाच नव्हत्या असं निघेल! केनेथ वाइस या अभ्यासकानं १९७२ साली प्रौढांच्या सांगाड्यांच्या नोंदी तपासून दाखवलं की हाड संशयास्पद असलं की अभ्यासकांचा कल ते पुरुषाचं ठरवण्याकडे असतो आणि त्यामुळे पुरुषांचा आकडा सुमारे बारा टक्क्यांनी फुगतो. स्पेनमध्ये आटापुएर्का इथे सुमारे आठ लाख वर्षांपूर्वीच्या एका लेकराचे अवशेष मिळाले, त्याला सगळे ‘ग्रान डोलिनाचा मुलगा’ म्हणत. २०२१ साली त्याच्या सुळ्याचा बारकाईनं अभ्यास झाला, तेव्हा तो नऊ ते अकरा वर्षांची मुलगी असावी असं निघालं. उलटही घडलं आहे. १८२३ साली वेल्समधल्या पॅव्हिलँडच्या गुहेत विल्यम बकलँड यांना तांबड्या गेरूनं रंगलेला, दागिने ल्यालेला एक सांगाडा मिळाला. दागिने आणि रंग म्हणजे बाई, तीही चालीरीतीनं वाईट बाई, असा त्यांचा तर्क. सांगाडा तरुण पुरुषाचा होता आणि तीस हजार वर्षांहून जुना. म्हणजे हाडं जाड तर मर्द आणि नटलेली तर रांड! हा न्याय आपल्याला गावातच शिकायला मिळतो, त्याला गुहेत जायची काय गरज?

आपल्या भागातली बाई डोळ्यांपुढे आणा. पहाटे उठून पाणी आणते, दिवसभर कापूस वेचते, संध्याकाळी ओझं डोक्यावर घेऊन घरी येते. सरकी-कापसाच्या हमालीत, विटांच्या भट्टीवर, रस्त्याच्या कामावर तिची मान आणि खांदे लहानपणापासून ओझ्याखाली असतात. हाड वापराप्रमाणे घडत जातं. स्नायू जिथे ओढ घेतो तिथे हाडावर कंगोरे उठतात. उद्या हजारो वर्षांनी एखाद्या घाईच्या अभ्यासकाला तिची मान-खांद्यांची हाडं मिळाली, तर तो काय लिहील? ‘दणकट बांधा, जड काम करणारा पुरुष.’ आज तिच्या श्रमाची नोंद मजुरीच्या पावतीवर अर्धी होते, सातबारावर होत नाही. मेल्यावर तिच्या हाडांवरची नोंदही नवऱ्याच्या खात्यात जमा होणार!

कवटी मोजण्याचा इतिहास बायांच्या आणि खालच्या मानल्या गेलेल्या जातींच्या बाबतीत मोठा कडवट आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये पॉल ब्रोका आणि त्यांचे अनुयायी मेंदू तोलत आणि कवट्या मोजत होते. बाईचा मेंदू सरासरीनं वजनाला कमी भरतो, म्हणून तिची बुद्धी कमी, म्हणून तिला उच्च शिक्षण नको, अशी साखळी त्यातून तयार झाली. बाईचं शरीरही लहान असतं, हा साधा हिशेब सोयीनं बाजूला ठेवला गेला. त्याला उत्तर दिलं एका बाईनं. लंडनच्या अॅलिस ली यांनी १८९८ साली डब्लिनला जमलेल्या पस्तीस नामवंत शरीरशास्त्रज्ञांची डोकी मोजण्यात भाग घेतला आणि ती कॉलेजात शिकणाऱ्या मुलींच्या मोजमापांशेजारी मांडली. काही नावाजलेल्या विद्वानांची डोकी मुलींच्या डोक्यांपेक्षा लहान निघाली. त्यांच्याच फूटपट्टीनं त्यांनाच मोजल्यावर ती फूटपट्टी निकामी ठरली.

आपल्याकडे इरावती कर्वे यांनी याहून अवघड जागी हे काम केलं. १९२८ साली त्या बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधनाला गेल्या. गोऱ्या युरोपियनांच्या कवटीची उजवी-डावी बाजू असमान असते आणि ते त्यांच्या जास्त बुद्धीचं लक्षण आहे, अशी फिशर यांची कल्पना. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि लिहिलं की वंशाचा आणि या असमानतेचा काही संबंध दिसत नाही. परक्या देशात, विशी ओलांडलेली एक मराठी मुलगी, गुरूच्या मताविरुद्धचा आकडा गुरूच्याच टेबलावर ठेवते! हेच फिशर पुढे नाझींच्या वंशशुद्धीच्या धोरणाचे शास्त्रीय पाठीराखे झाले. यावरून तिनं काय नाकारलं हे कळतं. इरावतीबाई ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून आपल्याला माहीत असतात. कवट्या मोजून खरं सांगणारी ही इरावतीही आपल्या मुलींना माहीत व्हायला हवी.

जातीच्या बाबतीतही हेच. इंग्रज अधिकारी हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाची मापं घेऊन जातींची उतरंड वंशावर बसवायचा प्रयत्न केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात मोजमापांचेच आकडे हाती घेतले आणि त्यांवरून ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशांचे ठरत नाहीत हे दाखवून दिलं. अॅलिस ली, इरावती कर्वे, बाबासाहेब, तिघांची रीत एकच. कुणी शास्त्राला शिव्या दिल्या नाहीत. मोजमाप हातात घेतलं आणि विचारलं, दाखवा, यातून हे कुठे निघतं?

आता गुहेतल्या चुलीकडे येऊ. १९६६ साली शिकागोला अभ्यासकांची एक परिषद भरली, ‘मॅन द हंटर’ या नावाची. शिकारीनंच माणूस घडला, असा सूर तिच्यातून जगभर गेला. सॅली स्लोकम या स्त्री अभ्यासकानं १९७० च्या दशकात साधा प्रश्न विचारला : पुरुष शिकारीला गेले तेव्हा बाया आणि पोरं काय खात होती? कंदमुळं, फळं, बिया, मध गोळा करणारी, कुठे काय उगवतं हे लक्षात ठेवणारी, ते वाहून आणायला झोळी बनवणारी बाई त्या गोष्टीत नव्हतीच. झोळी कुजून जाते, दगडाचं पातं टिकतं. टिकलं त्याचाच इतिहास झाला. आणि पातं तरी बाप्याचंच कशावरून? पेरू देशात विलामाया पात्क्षा इथे नऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात शिकारीच्या हत्यारांचा पुरा संच मिळाला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाताच्या वेष्टनातलं प्रथिन तपासून सांगितलं गेलं की तो सांगाडा सतरा ते एकोणीस वर्षांच्या मुलीचा आहे. एका थडग्यावरून सगळ्या बाया शिकारी होत्या असं म्हणता येत नाही. पण ‘निसर्गानंच बाईला चुलीपाशी बसवलं’ हे वाक्य मात्र आता कुणी ठामपणे म्हणू शकत नाही.

इथे चळवळीतल्या आपल्यालाही एक गोष्ट सांगायला हवी. शिबिरांत कधीकधी ऐकू येतं की आदिकाळी सगळीकडे स्त्रीसत्ता होती, पुढे पुरुषांनी ती हिरावली. ऐकायला छान वाटतं, पण सत्ता कुणाची होती हे कवटी सांगत नाही. नर्मदेच्या त्या बाईला ‘आद्य माता’ करून मखरात बसवायचीही गरज नाही. देवी केलेल्या बायांचं पुढे काय होतं हे आपण चांगलं जाणतो. ती बाई असावी, एवढंच म्हणू. ‘असावी’ हा शब्द सोडायचा नाही. पुरुषांनी ‘आहेच’ म्हटलं म्हणून आपणही ‘आहेच’ म्हणायचं, यानं काही साधत नाही. समतेसाठी आपल्याला आदिकाळाची परवानगी लागत नाही. लाखो वर्षांपूर्वी बाया काहीही करत असोत, आज बाईला मारणं हा गुन्हा आहे आणि तिच्या श्रमाला सारखा दाम हा तिचा हक्क आहे.

‘असावी’ या शब्दाला आपल्या रोजच्या कामातही मोल आहे. बालविवाहाच्या प्रकरणात मुलीचं वय हा कळीचा मुद्दा असतो. दाखला नसला की हाडांचा एक्स-रे काढून वय ठरवतात. मनगटाची, कोपराची, कंबरेची हाडं कितपत जुळून आली यावरून. पण हेही ‘असावी’चंच शास्त्र आहे. त्यात दोन वर्षं अलीकडे-पलीकडे चूक होऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८२ सालीच जयामाला खटल्यात म्हटलं आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात म्हणूनच शाळेचा दाखला पहिला, मग जन्माची नोंद आणि काहीच नसेल तर हाडांची तपासणी, असा क्रम आहे. ‘एक्स-रेत अठरा आलं’ म्हणत लग्न लावून मोकळे होणाऱ्यांना हा क्रम आणि ही दोन वर्षं आपण ठणकावून सांगितली पाहिजेत. नर्मदेच्या कवटीबाबत दोन आकड्यांमधलं अंतर मान्य करणं ही शास्त्राची शिस्त आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीबाबत तीच शिस्त पाळली नाही, तर तिचं आयुष्य त्या अंतरात सापडतं.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे शाळेतले तक्ते पाहा. वानरापासून माणसापर्यंत एकामागे एक चालत येणाऱ्या आकृत्यांचं चित्र सगळ्यांच्या ओळखीचं आहे. ते रुडॉल्फ झालिंगर यांनी १९६५ सालच्या एका अमेरिकन पुस्तकासाठी काढलं आणि त्याच्या नकला जगभर गेल्या. त्या रांगेत बाई नाही. ती नसताना ही रांग एक पिढी तरी पुढे कशी सरकली, एवढं मुलांनी मास्तरांना विचारलं तरी पुष्कळ. दुसरं, उत्क्रांती हा विषय पुस्तकात राहिला पाहिजे. २०२३ साली एनसीईआरटीनं दहावीच्या विज्ञानातून हा भाग वगळला. जिथे धडाच नाही तिथे प्रश्न कोण विचारणार? आणि तिसरं, मुली या शास्त्रात गेल्या पाहिजेत. टांझानियात ओल्डुवाईची प्रसिद्ध कवटी १९५९ साली मेरी लीकी यांना दिसली. लाएटोलीची छत्तीस लाख वर्षांपूर्वीची पावलंही त्यांच्याच तुकडीनं उजेडात आणली. आपल्याकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात इरावतीबाईंनी या विषयाची वाट घालून दिली आहे. वऱ्हाडातल्या किती मुलींना ही वाट माहीत आहे?

पुस्तकी मराठीत ‘मानव’ म्हटलं की बाप्याच उभा राहतो. आपल्या वऱ्हाडी बोलण्यात मात्र ‘बाईमाणूस’ही आहे आणि ‘बाप्यामाणूस’ही. दोघंही माणूसच, आणि कोण ते सांगायचं तर दोघांनाही सांगावं लागतं. हथनोऱ्याच्या त्या वाटीबद्दलही असंच बोलावं. माणूस होतं, बहुधा बाईमाणूस. याहून जास्त बोलायचं असेल तर त्यानं आधी पुरावा आणावा, मग तो गुहेतल्या चुलीबद्दल बोलत असो की आपल्या घरातल्या.